अल्पाक्षरी आज्ञावलींची कला आणि लाघवाचे माप

व्याकरणशास्त्राच्या अभ्यासकांस लाघव ही कल्पना नवी नाही. सूत्रातील अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माइतका आनंद होतो, असे आपले परिभाषाकार सांगून गेले आहेत. या आनंदाचा एक आधुनिक आविष्कार गेल्या चाळीस वर्षांत संगणकाच्या क्षेत्रात पाहावयास मिळतो. आधी ठरवून दिलेल्या अत्यल्प लांबीच्या आज्ञावलीतून चित्र, चलच्चित्र किंवा संगीत निर्माण करावयाचे आणि ते जाणकारांपुढे स्पर्धेसाठी मांडावयाचे, असे या उद्योगाचे स्वरूप आहे. प्रस्तुत लेखात या कलेचा परिचय दोनतीन उदाहरणांच्या द्वारे करून द्यावयाचा आहे. आणि त्यानंतर, येथे 'आखूड' म्हणजे नेमके काय व ते कशाने मोजावयाचे, या प्रश्नाचा भाषाभ्यासाच्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

सर्वांत साध्या उदाहरणापासून आरंभ करू. १९८२ साली 'कमोडोर ६४' हा घरगुती संगणक निघाला. त्याच्या माहितीपुस्तिकेत बेसिक भाषेतील एक लहानशी आज्ञावली नमुन्यादाखल दिलेली होती. पुढे तिचे एका ओळीचे रूप प्रसिद्धीस आले. ते अवघ्या ३८ चिन्हांचे आहे. त्याचा आशय मराठीत असा सांगता येईल : शून्य व एक यांच्या दरम्यानची कोणतीही एक संख्या यदृच्छेने घ्या, तीत २०५.५ मिळवा, जी संख्या येईल त्या क्रमांकाचे चिन्ह पडद्यावर उमटवा, आणि पुन्हा आरंभी जा. बेरीज २०५.५ व २०६.५ यांच्या मध्ये कोठेतरी पडते. अपूर्णांक गळून गेल्यावर २०५ तरी उरतात किंवा २०६ तरी, आणि दोहोंचा संभव सारखाच असतो. त्या यंत्राच्या चिन्हमालेत या दोन क्रमांकांवर परस्परविरुद्ध दिशांच्या दोन तिरप्या रेषा आहेत. प्रत्येक रेषा आपल्या चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाते. त्यामुळे शेजारच्या चौकटींतील रेषा कोपऱ्यांवर एकमेकींस भिडतात आणि पाहता पाहता पडदाभर एक चक्रव्यूह उभा राहतो.

आता या आज्ञावलीत चक्रव्यूहाचा उल्लेख कोठेही नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. तीत आहे ती दोन चिन्हांची अचूक निवड आणि एक नाणेफेक. पडद्यावर ४० स्तंभ व २५ ओळी, म्हणजे १,००० जागा आहेत. प्रत्येक जागी दोन पर्याय असल्याने संभाव्य आकृतींची संख्या दोनाच्या हजाराव्या घाताइतकी होते. वाटा, भिंती आणि कोंडलेल्या जागा ही सर्व पाहणाराच्या दृष्टीची भर होय. याच ओळीवर दहा लेखकांनी मिळून लिहिलेला एक संपूर्ण ग्रंथ २०१२ साली एम. आय. टी. प्रेसने प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षक म्हणजे ती आज्ञावलीच होय.

या कलेला स्पर्धेचे रूप कसे आले तेही थोडक्यात पाहू. १९८४ साली सी भाषेतील मुद्दाम दुर्बोध केलेल्या आज्ञावलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिच्यात कलेपेक्षा चातुर्यावर भर होता. त्याच दशकात युरोपातील तरुण मंडळी संगणकीय खेळांची कुलुपे तोडून त्यांच्या प्रती वाटीत, आणि खेळाच्या आरंभी आपल्या नाममुद्रेचे एक लहानसे चलच्चित्र जोडीत. खेळाला जेवढी जागा लागे तीतून उरलेल्या फटीत ते बसवावे लागे. पुढे खेळ बाजूस राहिला आणि ही नाममुद्राच स्वतंत्र कला झाली. तिला 'डेमो' असे नाव पडले. फिनलंडमधील 'असेंब्ली' हा मेळावा १९९२ पासूनचा आहे. अशा मेळाव्यांत ६४ किलोबाइट, ४ किलोबाइट, २५६ बाइट अशा लांबीच्या वर्गवाऱ्या रूढ झाल्या. २०२१ साली 'लव्हबाइट' नावाचा मेळावा केवळ अल्पाक्षरी कृतींसाठी भरविण्यात आला. त्याच्या वर्गवाऱ्या १६ बाइटांपासून सुरू होतात. फिनलंडने २०२० साली व जर्मनीने २०२१ साली ही कला आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत नोंदविली.

लाघव कोठवर जाऊ शकते याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे लीनुस ओकेसॉन यांची 'अ माइंड इज बॉर्न' ही कृती. जर्मनीतील 'रिव्हिजन' मेळाव्यात २०१७ साली ती सादर झाली. त्या वर्गात ४,०९६ बाइटांची मुभा होती. हिने केवळ २५६ वापरले आणि प्रथम क्रमांक मिळविला. त्यात दोन मिनिटांहून अधिक चालणारे संगीत आहे आणि त्याच्याबरोबर बदलत जाणारे चित्रही आहे. एवढ्या अल्प जागेत स्वरलिपी साठविणे अशक्य. म्हणून स्वर साठविलेलेच नाहीत. एका ठरावीक संख्येतील अंक पुनःपुन्हा सरकवून त्यांतून नवे अंक काढण्याची जी गणिती रीत आहे, तिच्यातून स्वरावली निघते. कर्त्याने गीत लिहिले नाही. ज्या संख्येतून गीत निघेल ती संख्या त्याने शोधून काढली.

याहून सुलभ अशी एक परंपरा 'ड्विटर' या नावाने चालते. तेथे जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञावली १४० चिन्हांत बसवावयाची असते. एक कोरा पट मिळतो, काळाचा एक चलांक मिळतो आणि सेकंदास साठ वेळा आज्ञावली नव्याने चालविली जाते. ज्या (साइन), कोज्या (कोसाइन) यांसारख्या नित्य लागणाऱ्या त्रिकोणमितीय फलांना एकेका अक्षराची नावे आधीच दिलेली आहेत. पाणिनीचा प्रत्याहार ज्यास ठाऊक आहे त्यास हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. 'अच्' म्हटले की सर्व स्वर आले. येथेही संज्ञा आधी करून ठेवली आहे, म्हणून प्रयोगाच्या वेळी एक अक्षर पुरते.

माझ्या पदव्युत्तर वर्गात हा विषय निघाला असता एका विद्यार्थ्याने आक्षेप घेतला. १४० चिन्हे हे लाघव खरे नव्हेच, असे त्याचे म्हणणे. ती चिन्हे चालविण्यासाठी लक्षावधी ओळींचा न्याहाळक लागतो. त्याची लांबी कोणी मोजीत नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर बसून उंची मिरविण्यासारखेच हे आहे. हा आक्षेप वरवरचा नाही. तो या कलेच्या मुळाशी जातो, आणि आपल्या सूत्रवाङ्मयाच्याही.

त्याचे उत्तर गणितात मिळते. एखाद्या वस्तूचे वर्णन करणारी लघुतम आज्ञावली किती लांब, हे त्या वस्तूच्या गुंतागुंतीचे माप मानावे, ही कल्पना सोलोमोनॉफ यांनी १९६४ साली व कोल्मोगोरॉव्ह यांनी १९६५ साली स्वतंत्रपणे मांडली. अर्थात भाषा बदलली की लांबी बदलते. परंतु दोन सर्वसमर्थ भाषांतील मापांत जो फरक पडतो तो एका ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही. कारण एका भाषेत दुसरीचा दुभाषा एकदा लिहून ठेवला की काम भागते. वस्तू फार मोठी असेल तर दुभाष्याची लांबी नगण्य ठरते. आपल्या विषयात मात्र नेमके उलट घडते. कृती १४० चिन्हांची आणि दुभाषा तिच्या कितीतरी पट मोठा. म्हणून इतक्या लहान कृतीच्या बाबतीत निरपेक्ष लाघव असे काही संभवतच नाही. लाघव हे एका विशिष्ट यंत्राच्या व विशिष्ट भाषेच्या अपेक्षेनेच बोलता येते. त्या विद्यार्थ्याचे निरीक्षण बरोबर होते. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र वेगळा आहे. सर्व स्पर्धकांना तोच खांदा मिळाला असेल तर उंचीची तुलना न्याय्य ठरते. स्पर्धेच्या नियमात यंत्र व भाषा आधी बांधून दिलेली असतात ती याचसाठी.

याच सिद्धांताचा दुसरा भाग असा की, दिलेल्या वस्तूची लघुतम आज्ञावली किती लांबीची हे नेहमी अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही. यामुळे 'याहून आखूड होणे नाही' असा निर्वाळा परीक्षक सहसा देऊ शकत नाही. स्पर्धेत कमाल मर्यादा असते, किमान लांबीची अट नसते, याचे कारणही हेच. मर्यादित क्षेत्रात मात्र असा निर्वाळा शक्य असतो. चौदा शिवसूत्रांत हकार दोनदा येतो, हे सर्वविदित आहे. पाणिनीस लागणारे सर्व प्रत्याहार साधावयाचे तर ही द्विरुक्ती अटळ आहे आणि सूत्रांची मांडणी याहून आखूड करता येत नाही, असे विब्के पेटरसन यांनी २००४ साली गणिताने सिद्ध केले. पुत्रोत्सवास अशी साक्ष क्वचितच लाभते.

आता मापाच्या एककाकडे वळू. 'स्त्री' हा शब्द घ्या. वाचणारास तो एक अक्षर दिसतो. वृत्तशास्त्राच्या हिशेबाने त्याच्या दोन मात्रा होतात. वर्ण मोजले तर सकार, तकार, रेफ व ईकार असे चार. युनिकोडच्या संकेतात तोच शब्द सहा चिन्हांचा होतो, कारण दोन हलन्तचिन्हे वेगळी मोजली जातात. आणि यूटीएफ-८ या रूढ पद्धतीने साठविल्यास प्रत्येक चिन्हास तीन याप्रमाणे अठरा बाइट लागतात. एक, दोन, चार, सहा, अठरा : शब्द तोच, मापे पाच. लव्हबाइटच्या सोळा बाइटांच्या वर्गात एक संपूर्ण चलच्चित्र मावते, पण आपला हा एकाक्षरी शब्द मावत नाही.

हा केवळ कुतूहलाचा भाग नाही. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशास १,१२० बिट इतकी जागा असते. रोमन लिपीतील चिन्हास सात बिट पुरतात, म्हणून १६० चिन्हे मावतात. देवनागरी चिन्हास सोळा लागतात, म्हणून ७० च मावतात. 'ट्विटर' २००६ साली निघाले तेव्हा त्याने याच १६० मधून नावासाठी वीस राखून १४० ची मर्यादा घातली. २०१७ साली ती २८० झाली, पण अल्पाक्षरी कलेत १४० हा आकडा टिकून राहिला. एकक कोणते धरावयाचे हे ज्याने ठरविले, त्याने कोणत्या लिपीतील लेखकास किती बोलता येईल हेही ठरविले.

कलावंतांनीही एककातील ही फट हेरली आहे. ड्विटरवर मोजणी चिन्हांची होते, बाइटांची नव्हे. तेव्हा दोन साधी रोमन चिन्हे युनिकोडच्या एका दुर्मीळ चिन्हात कोंबावयाची आणि ती उलगडणारी सुमारे चाळीस चिन्हांची किल्ली पुढेमागे जोडावयाची. उरलेल्या शंभराच्या जागी त्यामुळे जवळजवळ दोनशे चिन्हे मावतात आणि प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली १९० च्या पलीकडे जाते. नियमाचे अक्षर पाळले गेले. त्याचा हेतू पाळला गेला की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतो. बाइट मोजणाऱ्या स्पर्धेत या युक्तीचा काडीमात्र उपयोग नाही.

शेवटचा प्रश्न टिकाऊपणाचा. कृतीचा अर्थ जर यंत्रावर इतका अवलंबून असेल, तर यंत्र गेल्यावर कृतीचे काय होते? वर वर्णिलेली ३८ चिन्हांची ओळ 'लॅटिन-१' ही चिन्हमाला असलेल्या संगणकावर चालविली तर २०५ व २०६ या क्रमांकांवर तिरप्या रेषा नसून आघातचिन्हे धारण करणारी 'आय' ही दोन रोमन अक्षरे आहेत. चक्रव्यूह नाहीसा होतो आणि अर्थहीन अक्षरांच्या रांगा उरतात. आज्ञावलीतील एकही चिन्ह बदललेले नसते. ड्विटरवरील किल्ली ज्या दोन जुन्या फलांवर चालते, त्यांचा वापर नव्या लेखनात करू नये असे जावास्क्रिप्टच्या प्रमाणग्रंथाचेच सांगणे आहे. ती फले उद्या काढून टाकली गेली, तर तशा सर्व कृती एकाच वेळी मुक्या होतील.

मराठी अभ्यासकास ही अवस्था परिचित आहे. केशवराज सूरींनी संकलित केलेल्या 'सूत्रपाठा'तील श्रीचक्रधरांची वचने इतकी आटोपशीर आहेत की प्रसंग ठाऊक नसल्यास त्यांतील अनेकांचा अर्थ निसटतो. म्हणूनच महानुभावांनी वचन कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सांगणारी 'प्रकरणवशा'ची परंपरा जतन केली. सूत्र जितके आखूड, तितका त्याचा भार बाहेरच्या कोणावर तरी पडतो : भाष्यावर, गुरुमुखावर, किंवा यंत्रावर. लाघवाने भार नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे सरकतो. कृतीचे चित्रमुद्रण करून ठेवणे उपयुक्त असले तरी ते एका वेळच्या पाठाची नोंद होय. त्यावरून सूत्राची चिकित्सा करता येत नाही.

यातून आपल्यापुरता एक व्यावहारिक नियम काढता येईल. अशा कृतीचा उल्लेख वा अभ्यास करताना केवळ आज्ञावलीचा मजकूर व तिची लांबी देऊन भागणार नाही. कोणते यंत्र, कोणती भाषा व तिची कोणती आवृत्ती, कोणती चिन्हमाला आणि मोजणीचे एकक कोणते, या गोष्टी मजकुराइतक्याच आवश्यक होत. त्या वगळल्या तर पुढील पिढीच्या हाती ३८ चिन्हे राहतील. चक्रव्यूह राहणार नाही.