गरिबीत निघालेला एक भयपट

भुताची गोष्ट ऐकायला कोणाला आवडत नाही? मुंजा पिंपळावर बसतो, हडळीचे पाय उलटे असतात, वेताळाची पालखी अमुक रात्री अमुक वाटेने जाते, हे सारे आपण लहानपणी ऐकलेले असते. गंमत अशी की अशी गोष्ट ऐकताना दहापैकी पाच जण अंगावर काटा आला म्हणून सरकून बसतात, आणि उरलेले पाच जण हसतात. गोष्ट एकच, सांगणारा एकच. ऐकणाऱ्यांचे मात्र दोन तट. ज्या चित्रपटाविषयी आज सांगायचे आहे, त्याच्या बाबतीत हे दोन तट साठ वर्षे उलटून गेली तरी मिटलेले नाहीत. त्याचे नाव ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’. आपल्या भाषेत सांगायचे तर आत्म्यांची जत्रा. तो १९६२ साली अमेरिकेत निघाला. तोही हॉलिवूडमध्ये नव्हे, तर कॅन्सास राज्यातल्या लॉरेन्स नावाच्या गावी.

लॉरेन्स हे विद्यापीठाचे गाव. तिथे सेंट्रॉन नावाची एक कंपनी होती. ती शाळांसाठी आणि कारखान्यांसाठी बोधपट काढी. यंत्रावर काम करताना बोटे कशी सांभाळावीत, मुलांनी चारचौघांत कसे वागावे, असले विषय. शिक्षक मंडळींना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. दिवा मालवायचा, पडदा लावायचा, आणि एक गंभीर आवाज आपल्याला शहाणपण सांगू लागतो. हर्क हार्वी हा या कंपनीतला दिग्दर्शक. त्याने असे बोधपट शेकड्यांनी काढले. कथापट मात्र आयुष्यात एकच काढला, आणि तो हा.

तो सुचला कसा, ते ऐकण्यासारखे आहे. हार्वी कॅलिफोर्नियाहून मोटारीने घरी परत येत होता. वाटेत युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवराच्या काठी, मावळतीच्या उजेडात, त्याला एक अवाढव्य ओसाड इमारत दिसली. तिचे नाव सॉल्टेअर. घुमट, कमानी, आत नाचाचे भले मोठे दालन. १८९३ साली तिथे पहिली इमारत उभी राहिली, ती १९२५ साली जळाली. मग दुसरी बांधली. लोक आगगाडीने तिथे पोहायला आणि नाचायला येत. पुढे सरोवराचे पाणी मागे हटत गेले, गर्दी आटली, आणि १९५८ साली तिला कायमचे कुलूप लागले. हार्वीने पाहिली ती अशी, पाण्यापासून दूर पडलेली आणि माणसांनी टाकून दिलेली. घरी आल्यावर कंपनीतला लेखक जॉन क्लिफर्ड याला त्याने गाठले आणि सांगितले, तू हवी ती गोष्ट लिही. फक्त शेवटी त्या दालनात मेलेली माणसे नाचली पाहिजेत.

पैसे गावातल्या व्यापाऱ्यांकडून उभे केले. एकंदर खर्च सुमारे ३३ हजार डॉलर. हा आकडा लहान की मोठा, हे कळायला एक तुलना पुरे आहे. हिचकॉकचा १९६० सालचा ‘सायको’ काटकसरीने काढला म्हणून गाजला, आणि त्याला आठ लाख डॉलरच्या आसपास खर्च आला होता. हार्वीने तीन आठवड्यांची रजा काढली. चमू सहा जणांचा. पुलावरून मोटार नदीत पडते, तो प्रसंग जवळच्या लेकॉम्प्टन गावच्या पुलावर घेतला. गावाची अट एवढीच की मोडलेला कठडा बसवून द्यावा. नायिकेच्या कामाला कॅन्डेस हिलिगॉस ही शिकलेली नटी आणली. बाकीची बरीचशी मंडळी आसपासचीच. आणि सारखा समोर येणारा तो पांढऱ्या तोंडाचा मृत माणूस? तो खुद्द हार्वी. चेहऱ्याला पांढरा रंग फासून स्वतःच उभा राहिला. दुसरा नट आणायचा तर त्याला पैसे द्यावे लागतात ना!

आता गोष्ट. शेवट मी झाकून ठेवीत नाही, कारण चाणाक्ष प्रेक्षक तो पहिल्या दहा मिनिटांत ओळखतो, आणि या चित्रपटाची ताकद शेवट लपवण्यात नाहीच. तीन मुली मोटारीत बसून पोरांशी शर्यत लावतात. मोटार नदीत कोसळते. गावकरी गळ टाकून शोध घेत असतात, तोच तीन तासांनी त्यांतली एक, मेरी हेन्री, चिखलाने माखलेली वाळूच्या पट्टीवर चालत येते. कशी वाचली, तिला आठवत नाही. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. युटात नोकरी मिळाली आहे, तिकडे एकटीच निघते. रात्री मोटार चालवताना रेडिओ लावते, तर कोणतेही स्टेशन फिरवा, एकच विचित्र ऑर्गन ऐकू येतो. खिडकीच्या काचेत तो पांढरा चेहरा. वाटेत सॉल्टेअर दिसते आणि तिथून पुढे त्या जागेची ओढ तिला सुटत नाही. आपल्याकडे चकवा लागतो म्हणतात ना, माणूस फिरून फिरून त्याच बांधावर येतो, तसे तिचे होते. शेवटी त्या दालनात मेलेल्यांचा नाच चालू असतो आणि त्यांत ती स्वतःलाच नाचताना पाहते. ती पळत सुटते. दुसऱ्या दिवशी लोकांना वाळूत तिची पावले दिसतात. ती मध्येच संपलेली असतात. आणि तिकडे कॅन्सासमध्ये नदीतून मोटार वर काढतात, तेव्हा तिघींची प्रेते आत असतात. तिसरे मेरीचे.

हे सारे पाहून एक तट म्हणतो, ‘‘अहो, हे काय! नट लाकडासारखे बोलतात, ओठांचा आणि आवाजाचा मेळ नाही, भुते म्हणजे डोळ्यांभोवती काजळ फासलेली माणसे. यात भ्यायचे काय?’’ दुसरा तट म्हणतो, ‘‘यासारखा अस्वस्थ करणारा चित्रपट आम्ही पाहिला नाही.’’ आमच्या महाविद्यालयात तो दाखवला तेव्हा हाच प्रकार झाला. अर्ध्या तासात मागच्या बाकांवरची मुले उठून गेली. राहिली त्यांतल्या काहींनी मात्र बाहेर पडताना जिन्यावरचा दिवा लावून ठेवायला सांगितले.

माझे मत सांगू? पहिला तट तक्रारी करतो त्या खऱ्या आहेत. आवाज मागाहून भरलेला आहे आणि तो जागोजागी निसटतो. डॉक्टरचा प्रसंग तर थेट बोधपटातून उचलून आणल्यासारखा. खुर्चीत बसायचे, दोन वाक्यांत निदान सांगायचे! याला कला म्हणायची काही गरज नाही. चित्रपटाचे भक्त असे दोषसुद्धा गुण म्हणून मिरवतात, ते मला पटत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या माणसांनी आयुष्यभर दिवसाढवळ्याचे, स्वच्छ, सरळ जग चित्रित केले होते. दुकान, बसस्टँड, कारखाना, चर्च. तीच सवय इथे कामी आली. इथे किल्ला नाही, वादळ नाही, कोळिष्टके नाहीत. भीती येते ती भर दुपारी, कपड्यांच्या दुकानात.

तो प्रसंग थोडा सविस्तर सांगतो. मेरी नवा पोशाख घालून पाहत असते. एकाएकी पडद्यावरचे चित्र पाण्यासारखे हलते, आणि आवाज जातो. सगळा. दुकानातल्या बाईशी ती बोलते, बाई तिच्याकडे पाहतच नाही. ती रस्त्यावर येते; गाड्या धावतात, माणसे बोलतात, पण आवाज म्हणून नाही. कोणाच्याही समोर उभी राहिली तरी तो तिला ओलांडून निघून जातो. शेवटी बागेत एका झाडावर पाखरू बोलते, आणि त्याबरोबर जग परत ऐकू येऊ लागते. या प्रसंगाला पैसा किती लागला असेल? जवळजवळ काहीच नाही. ध्वनिपट्टी बंद ठेवायची, एवढेच. नभोवाणीवर आम्हांला दोन क्षण जरी आवाज थांबला तरी तुमचा हात रेडिओच्या खुंटीकडे जातो. शांतता म्हणजे काहीतरी बिघडले आहे, हे कानाला आधी कळते. हार्वीने तेच केले.

संगीताचेही तसेच. जीन मूरचे सारे पार्श्वसंगीत ऑर्गनवर आहे. आपल्याकडे संगीत नाटकात पायांनी भाता मारायचा ऑर्गन असे, तो जुन्या मंडळींना आठवेल. यातला चर्चचा ऑर्गन नळ्यांचा, मोठा. पण जात तीच. पाश्चात्त्य देशांत हे वाद्य देवळातही वाजते आणि जत्रेतल्या फिरत्या घोड्यांच्या चक्रावरही. आपली पेटी नाही का, सकाळी भजनाला आणि रात्री लावणीला? चित्रपटात मेरी रिकाम्या चर्चमध्ये सराव करीत असते आणि तिच्या बोटांखालचे भक्तिसंगीत कधी जत्रेच्या सुरावटीत वळते, ते कळत नाही. पाद्री ऐकतो, हे पाखंड आहे म्हणतो, आणि तिला कामावरून काढतो.

आणि इथे तो खरा वाद निघतो. मेरीला माणसांची आवड नाही. चर्चचे काम तिला फक्त नोकरी आहे, भक्ती नव्हे; हे ती सरळ सांगते. तिचा आधीचा मालक, पाद्री, डॉक्टर, घरमालकीण, सगळे तिला सांगत राहतात की तुझ्यात काहीतरी कमी आहे. शेजारच्या खोलीतला एक लघळ तरुण तिच्या मागे लागतो. त्याची तिला शिसारी येते, आणि तरी एकटे राहण्याच्या भयाने ती त्यालाच थांबवू पाहते. काही प्रेक्षक म्हणतात, बाई थंड काळजाची, म्हणून तिची ही गत. दुसरे म्हणतात, एकट्या राहू पाहणाऱ्या बाईचे कोणी ऐकूनच घेत नाही, आणि दुकानातला तो प्रसंग म्हणजे तिच्या रोजच्या जिण्याचेच चित्र. मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे. कारण चित्रपट कॅमेरा कोणाबरोबर ठेवतो, ते पाहा. पाद्र्याबरोबर नाही, डॉक्टरबरोबर नाही. आवाज जातो तो तिच्या कानांतला, आणि म्हणून आपल्याही. तिला दोष देणाऱ्या प्रेक्षकालासुद्धा तेवढा वेळ तिच्याच जागी उभे राहावे लागते.

चित्रपटाचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. ज्या कंपनीकडे वितरण दिले, तिचे दिवाळे निघाले, आणि हार्वीला पैसे मिळाले नाहीत. तो मुकाट्याने बोधपटांकडे परत गेला. प्रतींवर हक्काची सूचना छापायची राहून गेली होती. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे चित्रपट सर्वांच्या मालकीचा झाला. म्हणजे मालकाचे नुकसान झाले खरे, पण दूरदर्शन केंद्रांना फुकटचा माल मिळाला, आणि ती तो मध्यरात्री दाखवू लागली. अपुऱ्या झोपेत, अर्धवट कापलेला असा तो हजारो लोकांनी पाहिला आणि नाव न कळताच लक्षात ठेवला. जॉर्ज रोमेरोचा १९६८ सालचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पाहा. त्यातल्या चालत्या प्रेतांवर याची छाया आहे, आणि रोमेरोने ती मान्य केली होती. १९८९ साली चित्रपट पुन्हा थिएटरांत लागला. हार्वी तेव्हा हयात होता. तो १९९६ साली वारला. सॉल्टेअरची ती इमारत १९७० साली आगीत गेली. आज तिथे आहे ती १९८१ सालची, निराळी.

शिक्षक मंडळींना एक सूचना. चित्रपट लहान वर्गांना दाखवू नका, वरच्या वर्गांना दाखवा. त्याच्या दोन लांबीच्या प्रती मिळतात, एक सुमारे ७८ मिनिटांची आणि दुसरी ८४ मिनिटांची. स्वच्छ प्रत निवडा. पुष्कळ प्रती इतक्या काळवंडलेल्या आहेत की रात्रीचे प्रसंग दिसतच नाहीत. कपड्यांच्या दुकानात आवाज गेला की वर्गात कोणीतरी ओरडेल, ‘‘सर, यंत्र बिघडलं!’’ तेव्हा यंत्राला हात लावू नका, पाखरू बोलेपर्यंत थांबा.