सांदवाडीत गावरान डांगर लावा, बी घरचं राखा



धानाची मळणी उरकली की सिहोरा-बपेरा भागात घरामागची सांदवाडी बरेचदा रिकामी पडते. तिथं डांगराची पाच-सहा आळी सहज बसतात. डांगर म्हणजे आपलं गावरान खरबूज. वैनगंगेच्या रेतीत ढिवर बांधवांनी हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतलं. गोसेखुर्द धरणात पाणी साठल्यावर भंडारा-पवनीकडच्या कितीतरी डांगरवाड्या बुडाल्या. वाडी गेली की तिचं बीही जातं. बाजारात संकरित बी मिळतं. पण त्याच्या फळातलं बी पुन्हा लावलं तर वेल एकसारखे येत नाहीत, म्हणून ते दरसाल विकत घ्यावं लागतं. गावरान बी नीट राखलं तर घरचंच पुरतं.

लावणी : थंडीचा कडाका ओसरला की, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत लावा. गार जमिनीत बी कुजतं. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा करून त्यात घमेलंभर चांगलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळा. जमीन भारी असेल तर रेतीही घाला. दोन आळ्यांत चार-पाच फूट अंतर ठेवा. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवा. मोड दिसताच आळ्यात तीन-चार बिया बोटाच्या पेराएवढ्या खोल टोचा. पुढे दोनच जोमदार रोपं राखा.

पाणी : पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको. फळ पिकू लागलं की पाणी कमी करा. नाहीतर फळ फुटतं आणि पाणचट लागतं. फळाखाली तणस अंथरा.

फुलं व कीड : पहिली फुलं गळाली म्हणून घाबरू नका, ती नर फुलं असतात. फळ धरणाऱ्या फुलाखाली बारीक गाठ दिसते. फळधारणा मधमाशीवर अवलंबून आहे, म्हणून सकाळी फवारणी करू नये. कोवळ्या रोपांवर लाल भुंगेरे दिसले तर सकाळीच वेचून मारा. फळमाशीने डंखलेली फळं उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा. भुरी आली तरी गंधक मारू नका, उन्हात वेल करपतो.

बी शुद्ध कसं राहील? : काकडी किंवा टरबूज शेजारी असलं तरी डांगराशी त्यांचा संकर होत नाही. पण वाळूक, चिबूड, शेंदाड ही डांगराचीच भावंडं. मधमाशी त्यांचा पराग आणते. त्या वर्षीचं फळ बिघडत नाही, बी मात्र मिश्र होतं. म्हणून बियासाठी आठ-दहा फुलं राखा. उद्या उमलणारी नर व गाठीची कळी आज संध्याकाळी दोऱ्याने अलगद बांधा. सकाळी सोडून नर फुलाचा पराग दुसऱ्यावर चोळा, फूल पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत दोरा लावा. सगळीच धरणार नाहीत. दोन-तीन फळं आली तरी पुष्कळ.

बी काढणं : चव पाहून, निरोगी वेलांची फळं निवडा, एकाच वेलावर भिस्त नको. देठाशी चीर पडली, वास सुटला, की फळ पिकलं. ते आणखी दोन दिवस ठेवून मग फोडा. गर-बिया मडक्यात पाणी घालून एक-दोन दिवस ठेवा. तरंगणारं बी टाका, तळचं धुऊन सावलीत वाळवा. बी वाकवल्यावर कटकन मोडलं तर वाळलं समजा. राख मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. वर वाणाचं नाव व साल लिहा. असं बी चार-पाच वर्षं उगवतं.

२००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा व अदलाबदल करण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बी जपलं. त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली.

तर मंडळी, मूठभर बी शेजाऱ्यालाही द्या. आपल्या वाडीत वेल मेला, तरी बी गावात राहील.