खानदेशची थंडी आणि ब्राझीलच्या वेली

डिसेंबर लागला की एरंडोलमध्ये एकाच दिवसात दोन ऋतू नांदतात. दुपारी पारा २८-३० अंशांवर असतो आणि पहाटे जळगाव-धुळ्याच्या या पट्ट्यात तो कित्येकदा १० अंशांखाली उतरतो. अंजनी नदीकाठच्या या गावात बर्फ पडत नाही. तरी नर्सरीतून हौसेने आणलेली अलमांडा किंवा मांडेव्हिला नेमकी याच दिवसांत पिवळी पडते आणि मान टाकते.

दोघींचं माहेर ब्राझीलकडचं. अशा उष्ण प्रदेशातल्या झाडांना इजा व्हायला पाणी गोठावं लागत नाही. साधारण १०-१२ अंशांखालीच पेशींची आवरणं ताठर होतात आणि मुळांचं पाणी ओढणं मंदावतं. सकाळी कोरडं ऊन पानांवर येतं, पानांतून बाष्प जाऊ लागतं, मुळं मात्र अजून गारठलेलीच. माती ओली असूनही वेल कोमेजते. घरच्यांना वाटतं, तहानली. मग आणखी तांब्याभर पाणी पडतं. गार, चिकट काळ्या मातीत मुळं कुजतात. हिवाळ्यात गेलेली कुंडी उलटी करून पाहिली तर बहुधा हेच आढळतं.

केळीचा शेतकरी थंडीला चांगला ओळखतो. रावेर-यावलकडे केळीला चरका बसू नये म्हणून रात्री बागेला विहिरीचं पाणी देतात, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. पण रात्रीच्या पाण्याचा हा उपाय कुंडीला लावू नये. जमिनीखालून आलेलं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असतं आणि शेताची ओली माती ती ऊब धरून ठेवते. वीतभर कुंडी पहाटेपर्यंत सगळ्या बाजूंनी गार होते. तिला पाणी द्यायचं ते ऊन वर आल्यावर, तेही वरची माती बोटाला कोरडी लागली तरच.

निरभ्र रात्री पानं आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात. वर छप्पर असलं की हा ऱ्हास बराच थांबतो, म्हणून एरंडोलला ओसरीसुद्धा पुरते. जुन्या धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत त्याहून चांगली: दिवसभर तापते आणि रात्री सावकाश ऊब सोडते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणेची भिंत निवडावी. वेलीला अंधाऱ्या खोलीत महिनाभर कोंडणं मात्र वाईटच. उजेडाविना पानं गळतात.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांना ही मोकळीक नाही. तिथे ऑक्टोबरात दहिवर गोठू लागतं, त्याआधीच मोगऱ्याची, कृष्णकमळाची कुंडी घरात घ्यावी लागते आणि ती बाहेर निघते थेट मे महिन्यात. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण फोफावतात. त्यामुळे आत घेण्यापूर्वी पानांची खालची बाजू धुणं, खत बंद करणं आणि दक्षिणेची खिडकी राखून ठेवणं, ही तिथली मुख्य कामं.

ब्राझीलची प्रत्येक वेल इतकी नाजूक नसते, ही त्यातली सुखाची गोष्ट. संक्रांतवेलही तिकडचीच, पण ती जानेवारीच्या थंडीतच नारिंगी फुलांनी लगडते; तिला आत नेलं तर बहर हातचा जातो. फिलिबेर कोमेर्सों या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला १७६७मध्ये रिओ दि जानेरोत सापडलेली बोगनवेल कोरड्या मातीत आणि लहान दिवसांतच रंगते. तिला खानदेशच्या अंगणात उघड्यावरच, थोडी तहानलेली ठेवावी.

फेब्रुवारीच्या मध्यापासून रात्री सौम्य होतात. तेव्हा अलमांडाची छाटणी करावी, कारण तिला फुलं नव्या फुटीवर येतात. ओसरीतली कुंडी आधी दोन-तीन तासच उन्हात, मग हळूहळू दिवसभर. एकदम बाहेर काढलेली कोवळी पानं भाजतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ला टेकला की याच कुंड्यांना दुपारची सावली शोधावी लागते.