फ्रिजमध्ये पातळ, अंगात घट्ट

काचेची छोटी कुपी फ्रिजमधून काढून तिरकी केली की आतलं द्रावण पाण्यासारखं वाहतं. तीच कुपी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिनिटभर धरून उलटी केली, तर आतला ऐवज जागचा हलत नाही. बर्फात ठेवली की पुन्हा पातळ. औषधी जेलांवर काम करणाऱ्यांसाठी ही चाचणी रोजची. उष्णतेनं वस्तू पातळ होतात हा आपला नेहमीचा अनुभव. इथे सगळा कारभार उलटा. शल्यचिकित्सकांना हाच उलटा कारभार हवा आहे. जेल पातळ असताना सुईतून जखमेत सोडायचं, वेड्यावाकड्या कोपऱ्यांत शिरू द्यायचं आणि शरीराच्या उबेनं तिथेच घट्ट होऊ द्यायचं.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्याला जखमा नव्या नाहीत. पॉवर प्रेसखाली बोटं सापडणं, पत्र्याची धार लागणं, भाजणं हे इथल्या कामगाराच्या ओळखीचं दुखणं. वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांतले असे अपघात ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या अहवालांतून मांडत आली आहे. जखमेत जंतू वाढू नयेत याची एक मोठी सोय तर पिंपरीतच उभी राहिली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ची, आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पण जखमेच्या कडा जुळवण्याचं काम आजही मुख्यतः सुई-दोऱ्याचंच आहे.

पाण्याशी फारकत

उबेनं जेल घट्ट का होतं? वर सांगितलेल्या कुपीत बहुधा पोलोक्झामर ४०७ हा पॉलिमर असतो. त्याच्या साखळीची दोन्ही टोकं पाण्यात रमणारी, मधला भाग पाण्याला थोडा बिचकणारा. थंडीत पाण्याचे रेणू या मधल्या भागाभोवतीही शिस्तीत उभे राहतात, म्हणून पॉलिमर विरघळलेला असतो. तापमान वाढलं की ती शिस्त मोडते. मधले भाग पाणी टाळून एकमेकांजवळ येतात, त्यांचे सूक्ष्म गोळे बनतात आणि हे गोळे दाटीवाटीनं रचले गेले की द्रावण जागच्या जागी थिजतं. पाण्यात साधारण १८ ते २० टक्के पोलोक्झामर असेल तर हे पंचविशीच्या आसपासच्या तापमानाला घडतं. असं द्रावण करायचं तंत्रही उलटंच. गरम पाण्यात भुकटी टाकली तर गुठळ्या होतात. म्हणून ती बर्फगार पाण्यावर भुरभुरवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. भाजलेल्या त्वचेवर ‘कृत्रिम त्वचा’ म्हणून हे जेल वापरण्याची कल्पना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ श्मोल्का यांनी १९७२ मध्येच मांडली होती.

दुसरा गाजलेला पॉलिमर म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिल-अ‍ॅक्रिलामाइड. संशोधकांच्या बोलण्यात तो ‘पीनिपाम’. सुमारे ३२ अंशांना त्याच्या साखळ्या एकदम आकसतात आणि त्याचं जेल पोटातलं पाणी बाहेर टाकतं.

पाषाणच्या प्रयोगशाळेत

३२ हा आकडा दगडावरची रेघ नाही. पीनिपामच्या साखळीत पाण्याची ओढ असलेले रेणू मिसळले तर तो वर सरकतो, पाणी टाळणारे मिसळले तर खाली येतो. हे नेमकं कसं घडतं यावर पिंपरीहून औंधमार्गे गेलं की लागणाऱ्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, मूलभूत काम झालं आहे. १९९८ मध्ये मनोहर बडिगेर, आशिष लेले, शायनी वर्गीस, रघुनाथ माशेलकर आणि सहकाऱ्यांचा उष्णतेला प्रतिसाद देणाऱ्या सहपॉलिमर जेलांवरचा निबंध ‘जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स’मध्ये आला. माशेलकर १९८९ ते १९९५ या काळात एनसीएलचे संचालक होते. लेले यांनी २०२१ मध्ये ते पद स्वीकारलं.

याच गटाचा धागा पुढे अमेरिकेत पोचला. वर्गीस यांच्या सॅन डिएगोतल्या प्रयोगशाळेनं माशेलकर आणि लेले यांच्यासह २०१२ मध्ये आपोआप सांधणारं जेल सादर केलं. आम्लधर्मी द्रावणात त्याचे कापलेले तुकडे काही सेकंदांत जुळतात आणि ताण सोसतात; अल्कधर्मी द्रावणात पुन्हा सुटे होतात. या साखळ्यांना बाजूला फुटलेल्या शेपट्या नेमक्या लांबीच्या असाव्या लागतात. आखूड असल्या तर समोरच्या तुकड्यापर्यंत पोचत नाहीत, फार लांब असल्या तर स्वतःतच गोळा होतात. हे जेल आम्लाला प्रतिसाद देतं, उष्णतेला नाही. म्हणूनच जठराला पडलेलं छिद्र बुजवण्यासाठी त्याचा विचार पुढे आला.

ओल्यावर चिकटायचं कसं?

घट्ट होणं ही निम्मीच लढाई. चाकणच्या असेंब्ली लाइनवर गाडीची काच बसवताना आधी कडा पुसून कोरड्या करतात, प्रायमर लावतात, मगच चिकटद्रव्याची धार सोडतात. शल्यचिकित्सकाला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्यासमोरचा पृष्ठभाग रक्तानं आणि लसीनं ओला, सतत हलणारा आणि जिवंत असतो. सायनोअ‍ॅक्रिलेटची, म्हणजे सुपरग्लूच्या जातकुळीची, वैद्यकीय चिकटद्रव्यं आहेत. त्यातल्या डर्माबाँडला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. पण ती सुकल्यावर कडक होतात, त्यामुळे कातडीच्या वरच्या कडा जुळवण्यापुरतीच बरी.

ओल्यावर चिकटण्याचा धडा समुद्रानं दिला. लाटांचा मारा खात खडकाला धरून राहणाऱ्या शिनाण्यांच्या धाग्यांतल्या प्रथिनांत कॅटेकॉल नावाचा रासायनिक गट भरपूर असतो. पाण्याचा थर भेदून तो पृष्ठभागाशी बंध जोडतो. कोरियातल्या ह्येशिन ली यांच्या चमूनं २०११ मध्ये हे कॅटेकॉल कायटोसानवर बसवलं आणि त्याला पोलोक्झामरच्या कुटुंबातल्या पॉलिमरची जोड दिली. त्यातून जे मिळालं ते थंडीत पातळ, अंगात घट्ट, वर ऊतींना चिकटणारं आणि रक्तस्राव थांबवणारं. कायटोसान मिळतं कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांतून. त्यावर धन विद्युतभार असतो आणि ऊतींवर बहुधा ऋण, त्यामुळे ते जात्याच चिकट.

हार्वर्डमधल्या डेव्हिड मूनी यांच्या गटानं २०१९ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी पीनिपाम असलेली चिकट पट्टी केली. कातडीच्या उबेनं ती आकसते आणि जखमेच्या कडा एकमेकींकडे ओढते. उंदरांवर हा प्रयोग साधला आहे.

चिकटलेलं हवं तेव्हा सोडवता येणं हाही गुणच. लेगू नावाचं पोलोक्झामरचं जेल शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी तात्पुरती बंद करायला वापरतात. काम झालं की थंड सलाइन सोडायचं, जेल विरघळून जातं. मूत्रमार्गाच्या वरच्या भागातल्या कर्करोगावरचं जेलमायटो हे औषधही याच तत्त्वावर चालतं. त्याला अमेरिकेत २०२० मध्ये परवानगी मिळाली.

मे महिन्याची अट

या बहुतेक जेलांची आखणी थंड हवेच्या देशांत झाली. तिथे खोलीत जेल पातळ राहतं आणि अंगात घट्ट होतं, कारण खोली अंगापेक्षा बरीच थंड असते. चाकणला मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशीच्या घरात जातो. म्हणजे बाहेरची हवाच शरीराहून गरम. पंचविशीला गोठणारं जेल कारखान्याच्या प्रथमोपचार पेटीत किंवा रुग्णवाहिकेत सिरिंजमध्येच बसून राहील. गोठण्याचं तापमान चाळिशीच्या वर नेऊनही भागत नाही, कारण मग ते ३७ अंशांच्या अंगात पातळच राहील. पोलोक्झामर निदान पुन्हा थंड करून वापरता येतो. कायटोसान आणि ग्लिसरोफॉस्फेटचं जेल एकदा घट्ट झालं की सहसा परत फिरत नाही; साध्या खोलीतही ते हळूहळू गोठतं.

कारखान्यात ही जेलं बनवण्यातही अडचणी आहेत. निर्जंतुक करायला गॅमा किरण वापरले तर कायटोसानच्या साखळ्या तुटतात, वाफेचा मारा केला तरी त्या खंगतात. टरफलं कुठली आणि कोणत्या हंगामातली यावर साखळीची लांबी बदलते, म्हणून एक बॅच दुसरीसारखी निघत नाही. पीनिपाम शरीरात विघटित होत नाही, आणि तो ज्या रेणूपासून बनतो तो विषारी असल्यानं त्याचा अंशही मागे उरता कामा नये. पोलोक्झामर तर ओल्या जखमेतून लवकर धुऊन जातो. आपल्याकडे २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांत अशा वस्तू धोक्यानुसार ए ते डी वर्गांत मोडतात, आणि शरीरात राहणाऱ्या वस्तूंची तपासणी सर्वांत कडक असते.

तेव्हा आपल्या हवेत ज्याला आधी संधी आहे तो बाटलीतला तयार द्रव नव्हे. कोरडी पट्टी किंवा कोरडी भुकटी उन्हाळ्यात पेटीत पडून राहिली तरी बिघडण्याची भीती कमी. भुकटीत थंड सलाइन जखमेपाशीच मिसळता येईल. दोन द्रव्यं वेगळी ठेवून ऐनवेळी एकत्र करणारी दुहेरी सिरिंज हाही एक मार्ग आहे. अशा सिरिंजचे प्लास्टिकचे भाग ओतायला लागणारे साचे आणि सूक्ष्म मापांची शिस्त भोसरी-चाकणच्या वर्कशॉप्सना परकी नाही. रसायनाची समज पाषाणला आहे. या दोघांना एकाच कामाला लावणारी मागणी रुग्णालयांकडून यावी लागेल, आणि तिच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं असावं लागेल: चाळीस अंशांच्या खोलीत सहा महिने टिकलं पाहिजे.