विश्लेषण : नाताळच्या लाल पानांना ऊब किती द्यायची?

युरोप-अमेरिकेत नाताळला घरोघरी दिसणारी लाल पानांची कुंडी म्हणजे पॉइन्सेटिया. ऑगस्ट २०२२ मध्ये युरोपात नैसर्गिक वायूच्या दराने उच्चांक गाठला, तेव्हा या हंगामाची रोपे हरितगृहांत आधीच लावून झाली होती. वायू महाग म्हणून ती टाकून देता येत नव्हती आणि थंडीत ऊब दिल्याशिवाय वाढवताही येत नव्हती. तेव्हापासून ‘कमी इंधनात पॉइन्सेटिया’ हा उत्पादकांच्या जिव्हाळ्याचा विषय झाला आहे.

या झाडाला ऊब का लागते?

पॉइन्सेटिया मूळचे मेक्सिकोचे. अमेरिकेचे तिथले राजदूत जोएल पॉइन्सेट यांनी १८२०च्या दशकात ते मायदेशी नेले, म्हणून हे नाव. लाल दिसतात ती फुले नव्हेत, रंग बदललेली पाने. खरी फुले मधोमध, बारीक आणि पिवळी. रात्री मोठ्या होऊ लागल्या की सप्टेंबरअखेरीस कळ्यांची तयारी सुरू होते. नेमकी तेव्हापासून उत्तर गोलार्धात थंडी वाढत जाते आणि बॉयलर पेटतात. पारंपरिक पद्धतीत रात्रीचे तापमान १८ ते २० अंश सेल्सिअस राखले जाते.

मग तापमान कमी केले की झाले?

इथेच अनेकांची फसगत होते. समजा, बाहेर शून्य अंश आहे. आतले सरासरी तापमान २० वरून १६ वर आणले, तर रोजचे इंधन ढोबळमानाने पाचव्या हिश्शाने वाचते. पण साधारण १० अंशांखाली या झाडाची वाढ जवळपास थांबते. म्हणजे वाढीच्या दृष्टीने उपयोगी ऊब १० अंशांवरून ६ अंशांवर येते. सहा आठवड्यांचे काम दहा आठवडे चालते. एकूण हिशेब केला तर इंधन वाचत नाहीच, उलट तिसऱ्या हिश्शाने जास्त जळते. शिवाय माल उशिरा तयार होतो, आणि २५ डिसेंबरनंतर पॉइन्सेटियाला कोण विचारतो?

यावर उपाय काय?

अमेरिकेतील पर्ड्यू आणि मिशिगन स्टेट विद्यापीठांतील उद्यानविद्या संशोधकांनी अभ्यासलेला मार्ग असा : थंडी द्यायची, पण उशिरा. सुरुवातीला, बाहेर ऊन असताना, रोपे उबेत भराभर वाढू द्यायची. लागवडही थोडी आधी करायची. पानांना रंग चढू लागला की रात्रीचे तापमान १६-१७ अंशांवर आणायचे. यासाठी लवकर रंगणारे आणि जोमदार वाण निवडावे लागतात. संथ वाणांवर हा प्रयोग केला तर नुकसान ठरलेले. पाने किंचित लहान राहतात, पण रंग गडद येतो.

जोखीम दुसरीकडे आहे. थंड हवेत दमटपणा वाढतो, पानांवर दव साचते आणि राखाडी बुरशी पसरते. कुंडीतील माती लवकर सुकत नसल्याने मुळेही कुजतात. म्हणून पाणी बेताने आणि सकाळी द्यायचे, कुंड्यांमध्ये अंतर ठेवायचे आणि दमट हवा बाहेर काढण्यासाठी थोडे इंधन जाळायचेच. तेही वाचवायला गेले तर पीकच हातचे जाते.

हरितगृहात काय बदलता येते?

छताखाली रात्री ओढायचा पडदा ही सर्वात फायद्याची गोष्ट, कारण उष्णता मुख्यत: छतातूनच निसटते. एकेरी काचेऐवजी मध्ये हवा भरलेला प्लास्टिकचा दुहेरी पापुद्रा वापरला, तर उष्णतेची गळती सुमारे ४० टक्क्यांनी घटते. मात्र दुहेरी पापुद्र्यामुळे प्रकाशही थोडा कमी मिळतो. पडद्याचेही तंत्र आहे. सकाळी तो एकदम उघडला, तर वर साठलेली गार हवा थेट झाडांवर कोसळते. जोराचा बर्फ पडत असेल तर तो उघडाच ठेवावा लागतो. खालच्या उबेने छतावरचा बर्फ वितळला नाही, तर भाराने छत खचण्याची भीती.

महाराष्ट्रात ही अडचण आहे का?

जवळपास नाहीच. इथल्या पॉलिहाउसमध्ये चिंता असते ती आतली उष्णता बाहेर काढण्याची. पॉइन्सेटिया तर पुण्या-नाशकात अंगणातही झुडपासारखा वाढतो आणि हिवाळ्यात आपसूक रंगतो. फक्त रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडत असेल, तर त्या बाजूची पाने अनेकदा हिरवीच राहतात.