ड्रोन उडविण्यापूर्वीं

लग्नसमारंभांत, शेतांत औषध फवारतांना किंवा एखाद्या गडाचें चित्रण चालूं असतां चार पंख्यांचें तें गुणगुणणारें यंत्र आतां बहुतेकांनीं पाहिलें आहे. वाढदिवसाची भेट म्हणून ड्रोन पुष्कळ घरांतही येऊं लागला आहे. खोक्यांतून निघतांना तो खेळण्यासारखा दिसतो. परंतु जमीन सोडतांच तो विमान ठरतो, आणि कायदाही त्यास विमानच समजतो. म्हणून त्यासंबंधीं कांहीं गोष्टी विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडाव्या, असें आम्हांस वाटतें.

इ. स. २०२५ च्या जानेवारींत अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराच्या कडेस मोठा वणवा पेटला होता. ता. ९ रोजीं आगीवर पाणी ओतणाऱ्या एका विमानाच्या डाव्या पंखास कोणा गृहस्थाचा ड्रोन आदळला, व सुमारें तीन इंच रुंद आणि सहा इंच लांब असें भोंक पडलें. विमान सुखरूप उतरलें. पण दुरुस्तीसाठीं तें जागेवर खिळून राहिलें, आणि इकडे घरें जळतच होतीं. आगीनें काय हानि झाली तें पाहावें, एवढाच त्या गृहस्थाचा उद्देश होता. त्यानें ड्रोन अडीच किलोमीटरांवर धाडला आणि तो नजरेआड झाला. ड्रोन आपल्या डोळ्यांस दिसेल इतकाच दूर न्यावा, हा नियम किती मोलाचा आहे तें यावरून कळेल. हातांतील पडद्यावर चित्र दिसतें, तें पुरेसें नव्हे. कॅमेरा समोरचें दाखवितो. बाजूनें झेपावणारी घार दाखवीत नाहीं.

तथापि पुष्कळ अपघात जमिनीवरच ठरलेले असतात. पात्यांवर चरा आहे काय, तें बोटानें चाचपून पाहावें. दोन पंखे एका दिशेनें व दोन उलट दिशेनें फिरतात. त्यांची अदलाबदल झाली, तर ड्रोन उठतांच उलटतो. बॅटरी फुगलेली दिसली, तर ती वापरूंच नये. अशा बॅटरीस आग लागते, आणि म्हणूनच ती भारित होत असतां घरांतील वडील मंडळींनीं जवळ असावें.

सर्वांत दुर्लक्षिली जाणारी गोष्ट परतीची आहे. संपर्क तुटल्यास ड्रोन आपण होऊन निघालेल्या जागीं परततो, हें खरें. परंतु ती जागा त्यास आधीं ठाऊक असावी लागते. पुरेसे उपग्रह सांपडण्यापूर्वींच घाईनें उडविला, तर त्याच्या स्मरणांत जागा नसते. मालवणच्या समुद्रांत होडीवरून उडविला, तर होडी पुढें गेल्यावरही तो पूर्वींच्याच ठिकाणीं येऊन पाण्यांत उतरूं पाहतो! परतीची उंचीही आपणच आधीं ठरवावयाची असते. ती भोंवतालच्या उंच माडापेक्षां अधिक असावी. शिवाय पडद्यावरील उंची निघालेल्या जागेपासून मोजलेली असते. गडाच्या पायथ्याशीं उभें राहून शंभर मीटर उंची पाहिली आणि समोरचा चढ तितकाच असला, तर ड्रोन कड्यावर आदळणारच.

वाऱ्याचा अंदाज जमिनीवरून घेऊं नये. वर तो जोराचा असतो. जातांना वाऱ्याविरुद्ध जावें, म्हणजे बॅटरी उतरत आल्यावर परततांना वारा पाठीशीं राहतो. संक्रांतीच्या दिवसांत आकाशांत मांजा असतो. त्या वेळीं ड्रोन घरींच बरा. माणसांच्या डोक्यांवरून तर तो कधींच नेऊं नये.

भारत सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन विभाग आहेत. हिरव्या विभागांत जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाहीं; विमानतळाजवळ मात्र ही मर्यादा कमी होते किंवा परवानगीच लागते. वैमानिकाचें प्रमाणपत्र मिळण्यास वय १८ व दहावीची परीक्षा उत्तीर्ण, या अटी आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनास हें प्रमाणपत्र लागत नाहीं. पण विभागांचा निर्बंध त्यासही आहेच. हे विभाग सरकारी नकाशावर पाहावयास मिळतात. कांहीं काळापुरता एखादा भाग तांबडा ठरविण्याचा अधिकारही सरकारास असल्यामुळें, काल हिरवें असलेलें मैदान आज तसेंच असेल असें नाहीं. नकाशा उडविण्याच्या दिवशींच पाहावा.