पेशंट दाखल झाला, मग घरच्या गोळ्यांचं काय?

'आता दवाखान्यात आलोय, औषधांचं डॉक्टर आणि सिस्टर बघतील.' पेशंट अ‍ॅडमिट झाला की नातेवाइकांना हायसं वाटतं, ते या समजुतीने. पण तो घरी काय घेत होता, हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. औषधांच्या बऱ्याच चुका होतात त्या दाखल होताना, आयसीयूतून वॉर्डात येताना आणि डिस्चार्जच्या घाईत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा उपचारांची जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे जाते त्या वेळेवर खास भर दिला.

तरीही उशाजवळच्या डबीतून रोजची गोळी गुपचूप दिली जाते. घरी 'टेल्मा' चालू असते, वॉर्डात 'टेल्मिकाइंड' लिहिलेली असते. नावं दोन, औषध एकच: टेल्मिसार्टन. डोस दुप्पट होतो आणि ब्लडप्रेशर एकदम खाली येतं. याच्या उलट, 'दवाखान्यातली औषधं आहेत ना' म्हणून घरची सगळी बंद करणंही तितकंच घातक. अँजिओप्लास्टीत स्टेंट बसवलेल्याची क्लोपिडोग्रेल किंवा अनेक महिन्यांचं स्टेरॉइड आपल्या मनाने कधीच थांबवू नये.

'इन्सुलिनचं प्रमाण आम्हाला पाठ आहे, वीस युनिट.' इथे थोडं थांबायला हवं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, पेनच्या काडतुसात १००. सिरिंजही वेगळ्या: लाल टोपणाची ४०ची, केशरी टोपणाची १००ची. ४०च्या बाटलीतलं औषध १००च्या सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत ओढलं, तर पेशंटला मिळतात फक्त आठ युनिट. १००चं औषध ४०च्या सिरिंजने ओढलं, तर पन्नास! त्यात पेशंट जेवत नसेल, ऑपरेशनसाठी उपाशी असेल, तर नेहमीचा बरोबर डोसही त्याची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली नेऊ शकतो. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर 'झोपू दे, थकलाय' म्हणू नका. लगेच सिस्टरला बोलवा. घरून इन्सुलिन आणलं असेल तर ते आधी त्यांना दाखवा.

'सलाईन लावा, ताकद येईल' हा आग्रह तर सगळीकडे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम पाच चमचे. तेवढ्यासाठी हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या पेशंटच्या फुप्फुसात पाणी साचण्याचा धोका का घ्यायचा?

काढे-चूर्णांबद्दल डॉक्टरांनी विचारलं की 'ते आयुर्वेदिक आहे, त्याने काही होत नाही' असं उत्तर येतं. ज्येष्ठमध फार दिवस, भरपूर प्रमाणात घेतला तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याचे ठोके त्याने बिघडू शकतात. विचारलं की सगळं सांगा, अगदी मेडिकलमधून परस्पर आणलेली अंगदुखीची गोळीसुद्धा.

चूक झाली म्हणजे सिस्टर निष्काळजी, हेही नेहमी खरं नसतं. एकसारख्या दिसणाऱ्या अँप्युल्स, मिळतीजुळती नावं आणि एकटीवर अख्खा वॉर्ड, यातून चुका घडतात. म्हणूनच तीव्र पोटॅशियम क्लोराइड वॉर्डात मोकळं ठेवू नये आणि काही इंजेक्शनं दोघींनी तपासूनच द्यावीत, असे नियम आहेत. दर वेळी नाव विचारलं म्हणून चिडू नका. त्या प्रश्नाने माणसं वाचतात.

डिस्चार्जच्या वेळी तीन गोष्टी लिहूनच घ्या: कोणतं जुनं औषध बंद, कोणतं चालू, कोणतं नवं. आणि औषधाने त्रास झाल्याचा संशय आला तर पेशंट किंवा नातेवाईक स्वतः राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर कळवू शकतात. त्यासाठी काही सिद्ध करावं लागत नाही. संशय पुरेसा असतो.